हरकतचा आवाज

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. सकाळपासून आभाळ खाली उतरल्यासारखं दिसत होतं. ऊन नाही, पाऊस नाही, झाडाचं पान हलत नव्हतं. मंगळवार होता, तारीख एकोणीस. मला लिहितावाचता येत नाही, पण तारखा माझ्या पक्क्या असतात. या कॉलेजच्या फाटकावर चोवीस वर्षं काढली, ती काही झोपून काढली नाहीत.

सरकून बसा जरा. तुम्ही तिघं रात्रपाळीला नवे आहात, म्हणून सांगतो. घाबरवायला सांगत नाही. आणि माझ्या पदरचं यात काही नाही. ज्याच्यावर गुदरलं त्यानं मला स्वतः सांगितलं, या इथं, याच बाकावर बसून.

संगणकाच्या खोलीत तेव्हा एक माणूस होता. पोरं त्याला सेव्हमामा म्हणायची. वकिलीच्या पोरांना मशीनचं जे काही अडेल ते हा सोडवायचा. कुणाला जुने निकाल शोधून दे, कुणाचं छापून दे, कुणाचा पासवर्ड बदलून दे. खोली बंद करताना प्रत्येक खुर्चीमागं उभा राहून विचारायचा, "सेव्ह केलं का रे?" पोरं चेष्टा करायची. "मामा, दुपारचं जेवण पोटात सेव्ह झालं का?" तोही कमी नव्हता. म्हणायचा, "स्वतःचा पासवर्ड लक्षात राहत नाही, आणि निघालेत वकील व्हायला! अशिलाचं नाव तरी ध्यानात ठेवाल का?"

याच खोलीत एक पोरगा रोज संध्याकाळी यायचा. शिंप्याचा मुलगा, एकुलता एक. बोलताना अडखळायचा फार. एकेका अक्षरावर बिचारा असा अडकायचा की ऐकणाऱ्याचाच श्वास कोंडावा. पोरांचं ते लुटूपुटूचं कोर्ट असतं ना, सरावाचं, त्यात हा पहिल्यांदा उभा राहिला आणि "ह... ह... ह..." एवढंच झालं त्याच्या तोंडून. त्याला "हरकत आहे" म्हणायचं होतं. तेव्हापासून पोरांनी नाव ठेवलं, हरकत. त्यानंही ते हसून घेतलं. मनाचा मोठा होता.

पण हसला म्हणून सोडलं नाही त्यानं. खिडकीजवळची एकतीस नंबरची खुर्ची धरली. कानाला ते ऐकायचं लावायचं, तोंडासमोर माईक, आणि सरावकोर्टाच्या स्पर्धेचं आपलं भाषण म्हणायचं, भरून ठेवायचं, ऐकायचं, पुन्हा म्हणायचं. सात महिने. मामा त्याच्यासाठी अर्धा अर्धा तास खोली उघडी ठेवायचा. एका शुक्रवारी पोरगा काउंटरवर आला आणि मामाचा हात धरला. म्हणाला, "मामा, झालं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ए... एकदापण नाही." आता आनंदानं अडखळला, ते निराळं.

घरी जाऊन आईला म्हणाला, "तुला ऐकवणार आहे. पण स्पर्धा होऊ दे आधी."

स्पर्धेला नऊ दिवस होते. तापाचं निमित्त झालं. चौथ्या दिवशी पोरगा गेला.

...

पंधरा दिवसांनी त्याचे आईवडील कॉलेजात आले. फाटकावर मीच होतो. आत जायला पाय उचलत नव्हते त्यांचे. मी मामाच्या काउंटरपर्यंत सोबत गेलो. वडील म्हणाले, "साहेब, त्याचं ते बोलणं आहे म्हणे तुमच्याकडं. हिला एकदा ऐकायचंय. बाकी काही नको आम्हाला."

मामा म्हणाला, "साहेब नका म्हणू, दादा. मामा म्हणतात मला सगळे. त्याचं बोलणं सुखरूप आहे त्याच्या खात्यात. पण प्रिन्सिपलसाहेबांच्या सहीशिवाय मला दुसऱ्याचं खातं उघडता येत नाही. अर्ज द्या, मी मागं लागतो."

मागं लागला तो. सही मिळायला आठ दिवस गेले. ती मिळाली त्या मंगळवारी, एकोणीस तारखेला, दुपारी. मामानं फोन केला तर वडील दुकान सोडून लगेच आले. मामा म्हणाला, "आज रात्री बाराला पोरांचे निबंध भरायची मुदत संपतेय. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. रात्री निवांत काढून ठेवतो सगळं. उद्या सकाळी दहाला ताईंना घेऊन या."

वडील निघाले, आणि दारात थांबले. खिशातून फोन काढून मामापुढं धरला. "एवढं तेवढं बंद होईल का हो? रोज साडेअकराला येतं."

कॉलेजचा निरोप होता. आपला पाल्य आज गैरहजर आहे.

"रोज येतं," वडील म्हणाले. "दुपारपर्यंत फोन तिच्याजवळ असतो. साडेअकरा वाजले की ती फोनकडं बघत बसते. मी म्हणतो, बघू नको. तरी बघते."

मामा म्हणाला, "आत्ता थांबवतो. तुम्ही जिना उतरायच्या आत."

आता नीट ऐका. त्या मशीनमध्ये प्रत्येक पोराच्या नावापुढं एक खूण असते. शिकतो आहे, सोडून गेला, पास झाला, असं. त्यातच एक खूण असते, मयत. ती केल्याशिवाय निरोप थांबत नव्हते. मामानं ती केली. निरोप थांबले. वडिलांनी हात जोडले आणि गेले. मामाला वाटलं, आज एक तरी पुण्याचं काम झालं.

मग पोरांची झुंबड. कुणाचं पान उलटं छापलं, कुणाची फाइल चढेना, एक पोरगी तर रडायलाच लागली. मामा हरेकाच्या खुर्चीशी धावत होता. दोनदा त्याला आठवण झाली, आधी त्या पोराचं काढून घ्यावं. दोनदा त्यानं मनात म्हटलं, आधी जित्यांचं बघू. तो कुठं पळून जातोय?

बारा वाजले. पोरं पांगली. मी फाटकावरून एकेकाला बाहेर सोडलं. मामा घोटभर पाणी प्याला, त्यानं पेनड्राइव्ह लावला आणि हरकतचं खातं उघडायला घेतलं.

खातं नव्हतंच.

पुन्हा नाव टाकलं. नव्हतं. तिसऱ्यांदा टाकलं.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कॉलेज सोडून गेलेल्या पोराचं खातं महिनाभर राहतं. पास झालेल्याचं तीन महिने. पण मयताचं... त्याच रात्री बाराच्या ठोक्याला पुसलं जातं. कुणी मेलेल्याचं खातं वापरू नये म्हणून वरून तसा हुकूमच होता. हुकमाचा कागद मामानंच भिंतीला लावला होता. पाच वर्षांत ती खूण करायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. विसरला.

त्यानं सगळी खाती सांभाळणाऱ्या वरच्या माणसाला फोन केला, झोपेतून उठवलं. तो म्हणाला, "मामा, राखीव प्रतही गेली त्याबरोबर. तसंच ठरवलंय ना आपण. आता ब्रह्मदेव आला तरी निघणार नाही."

सात महिन्यांचं बोलणं. एका आईला ऐकायचं होतं. आणि पुसलं कुणी? ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना विचारलं, सेव्ह केलं का रे...

मामा काउंटरवर डोकं टेकून बसला. रडला, म्हणाला. पंचावन्न वर्षांचा माणूस, एकटाच, त्या एवढ्या मोठ्या खोलीत. छत्तीस मशीन आणि सगळी बंद.

पावणेएकला काउंटरवर टिंग झालं.

तुम्हाला ठाऊक आहे, पोरांचं काही अडलं की जागेवरूनच तक्रार टाकतात. ती मामाच्या पडद्यावर येते. मामानं डोकं वर केलं.

खुर्ची एकतीस. तक्रार, आवाज येत नाही.

नावाची जागा रिकामी.

मामानं खिडकीकडं पाहिलं. एकतीस नंबरचं मशीन चालू होतं. तेवढं एकच. पडद्याचा उजेड खुर्चीच्या पाठीवर पडला होता. खुर्ची थोडी मागं ओढलेली... कुणी बसल्यावर असते तशी.

"कोण आहे रे?"

काही नाही.

आता दुसरा कुणी असता तर पळाला असता. मी पळालो असतो. पण तक्रार आली की उठायचं, ही त्या माणसाची सवय. तो उठला. चालत गेला. वायर तपासली. वायर बरोबर होती. पडद्यावर आवाज भरायचं चालू होतं... ती हिरवी रेघ असते ना, बोललं की वरखाली होणारी. ती होत होती. वर. खाली. वर. खाली.

एकदाही थांबत नव्हती.

खोलीत मात्र चिडीचूप.

मामानं ते ऐकायचं उचलून कानाला लावलं. काही नाही. नुसती रेघ हलतेय. त्याच्या लक्षात आलं, कुणीतरी बोलतंय... मन लावून बोलतंय... आणि ते आपल्याला ऐकू येत नाही.

मामा खाली बसला. फरशीवर. खुर्चीपाशी.

"बाळा," म्हणाला, "माझ्या हातून पुसलं गेलं रे. तुझ्या आईला मी काय सांगू?"

रेघ थांबली.

...

बराच वेळ.

मग मशीन बंद झालं. काळोख. आणि खोलीचं दार, ज्याला आतून कडी होती, ते... उघडं होतं.

एक वाजून चार मिनिटं. आता माझं ऐका, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी फाटकावर होतो. वारा नव्हताच. कार्ड टेकवायचं ते यंत्र वाजलं, पीं. हिरवा दिवा लागला. मला वाचता येत नाही, पण कार्ड टेकवलं की फोटो येतो, आणि माणसं मी फोटोवरून ओळखतो.

फोटो आला.

मी बघत राहिलो. आडवा दांडा आपोआप फिरला, एका माणसापुरता. समोर कुणी नाही.

मी उठून उभा राहिलो. तोंडून एवढंच गेलं, "जप रे. अंधार आहे."

...

पहाटे मामा माझ्याजवळ येऊन बसला. दोघांनी एकमेकांना सांगितलं. मग तो म्हणाला, "मी जातो त्यांच्या घरी. दहापर्यंत थांबायचं कशाला? ती माउली तयार होऊन येईल इथं, आशेनं. त्यापेक्षा तिच्या दारात जाऊन सांगतो. काय म्हणायचं ते म्हणू दे मला."

मी म्हटलं, "रात्रीचं सांगणार का?"

"नाही," म्हणाला. "पुसलं, एवढंच सांगणार. रात्रीचं सांगितलं तर मी माझी चूक झाकतोय असं होईल."

असा माणूस होता. महिन्याभरात नोकरी सोडली त्यानं. आम्ही पुष्कळ विनवलं. म्हणाला, "दादा, आता कुणाला 'सेव्ह केलं का' विचारायला जीभ उचलत नाही." पुढं पाच वर्षांनी गेला तोही.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

शिंप्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. मामा सात वाजता जिना चढला. प्रत्येक पायरीवर मनात वाक्य जुळवत होता आणि ते मोडत होतं. दाराशी पोहोचला. बेलवर बोट ठेवणार, तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. कडेवर लहान मूल घेतलेली एक बाई होती. आठच दिवस झाले होते तिला तिथं राहायला येऊन. या घरात काय घडलंय ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तिनं ओठावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "बेल नका वाजवू हो, काका. आत्ताच डोळा लागलाय दोघांचा. मुलगा आला होता वाटतं त्यांचा रात्री. पहाटेपर्यंत बोलत होता, आणि ती दोघं नुसती ऐकत होती. कधीची भेट होती, कोण जाणे. काय सुरेख बोलतो हो, माझं बाळसुद्धा रडायचं थांबलं. जाताना दार उघडंच टाकून गेला, तर मीच लोटून घेतलं."