चुकीच्या परसात

ज्ञानेश्वरीनं कपड्यांची बादली घेऊन मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थिजली. तिच्या परसात एक अनोळखी तरुण गुडघाभर खड्ड्यात उभा राहून टिकाव चालवत होता. शेजारी आणखी एक खड्डा तयार होता.

"कोण तुम्ही?"

त्यानं मनगटानं कपाळ पुसलं. "मी... नर्सरीवाला. बाग करायला बोलावलंय ना तुमी?"

"मी कुणालाच बोलावलेलं नाही."

त्यानं मोबाईल काढून पत्ता वाचला. मग भिंतीकडे पाहिलं, मग खड्ड्यांकडे. चेहरा हळूहळू उतरत गेला. "हे पुढच्या गल्लीतलं घर न्हाई व्हय?"

"नाही."

"मंग लई घोळ झाला."

तिला रागवायचं होतं, पण हसूच फुटलं. शेवगावची ही पोरगी नगरच्या कोर्टात टायपिस्ट होती आणि भिंगारमध्ये दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटीच राहायची. मागच्या दहा बाय पंधराच्या परसात विटांचे तुकडे, गंजके पत्रे आणि एक फुटका माठ होता. कपडे वाळत घालण्यापुरतंच तिचं तिथं येणं.

"बुजवून देतो," तो म्हणाला. मग घुटमळला. "पण खाली माती काळीभोर हाय... मोगरा लावून देऊ का? चुकीबद्दल दंड म्हणून."

"दंड कोर्टवाले ठरवतात. दोन्ही खड्ड्यांत झाडं लागतील. नाव काय तुमचं?"

"बिभीषण."

तिनं ओठ दाबले.

"हसा. सगळेच हसतात."

"हसत नाही हो... घरभेदी निघालात, एवढंच."

तो लाजला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला, आणि ज्ञानेश्वरीला ते फार आवडलं.

दंड दोन झाडांचा होता, पण बिभीषण दर रविवारी येत राहिला. राडारोडा निघाला. मोगऱ्याजवळ पारिजातक आला, भिंतीवर कृष्णकमळ चढलं, नळापाशी गवती चहा फोफावला. बसायला त्यानं कुठूनशी एक शहाबादी फरशी आणली. दिवसभर लोकांची भांडणं टाईप करून ती घरी यायची आणि त्या फरशीवर टेकली की डोकं शांत व्हायचं. ओल्या मातीचा वास, पानांवरून निथळणारं पाणी... चहाचा कप देताना त्याची बोटं लागायची, आणि मग दोघंही उगाच कृष्णकमळाकडे बघायची.

"झाडांशी एवढं काय बोलता?" तिनं एकदा विचारलं.

"तुमच्याशी बोलायचं धाडस न्हाई, म्हणून."

त्या दिवशी तिचा चहा गार झाला.

चुलतबहिणीच्या लग्नाला ती चार दिवस शेवगावला गेली. मांडवातच आईनं पुण्याच्या एका मुलाचा फोटो पुढं केला. "रविवारी बघायला येतो म्हणतायत. काय कळवू?"

"थांब जरा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मला एकाला विचारायचंय." आई बघतच राहिली.

सोमवारी सकाळी ती भिंगारला परतली. पिशवी टाकून थेट मागचं दार उघडलं. परस रिकामं होतं. मोगरा नाही, पारिजातक नाही, भिंतीवर एक वेलसुद्धा नाही. फरशीही नेली होती. सपाट केलेल्या मातीवर नुसत्या चपलांच्या खुणा. तिनं बिभीषणला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. थट्टेत म्हटलेला 'घरभेदी' हा शब्द आता जिभेवर कडू लागला.

तेवढ्यात घरमालक आबासाहेबांचा फोन आला. "पोरी, मागं गाडी लावायला सिमेंटचा कोबा करतोय. उद्यापासनं काम सुरू. तुझ्या माळ्याला बोललो होतो परवा."

तिनं रिक्षा पकडली. शेवगाव रस्त्याला त्याची नर्सरी होती. ज्ञानेश्वरी आजवर तिथं कधी गेलीच नव्हती. मागच्या मोकळ्या रानात बिभीषण कोपरापर्यंत हात चिखलात घालून बसला होता. तिला पाहून त्याच्या हातातलं खुरपं पडलं.

"मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तुमी लग्नात हुता. तिथं कशाला रडवायचं... उद्या आलो असतो सांगायला. फोन तर पाण्याच्या टाकीतच पडला." त्यानं हातानं पलीकडे दाखवलं. "एकही झाड मेलं न्हाई. कृष्णकमळ रुसलंय जरा."

ती पाहत राहिली. मोगरा, पारिजातक, गवती चहा, फरशी, सगळं तिच्या परसातल्यासारखंच, जिथल्या तिथं. दहा बाय पंधराच. आणि तीन बाजूंना कुंपण. चौथी बाजू उघडी, पुढं नुसती चुन्यानं आखलेली रेघ.

"हे काय आहे?"

"घराची जागा." तो रेघेकडे बघत म्हणाला. "परस आधी झालं... घर मागनं बांधता येतं. तुमी म्हणाल तर."

ज्ञानेश्वरी फरशीवरच बसली. इतके रविवार जे ऐकायला ती थांबली होती, ते ऐकल्यावर काय करायचं हेच तिनं ठरवलं नव्हतं. मग तिनं पर्समधून मोबाईल काढला.

"कुणाला लावताय?"

"आईला. उत्तराची वाट बघतेय. बोला तिच्याशी."

"आत्ता?" बिभीषणच्या तोंडचं पाणी पळालं. "काय... काय बोलू?"

रिंग वाजत होती. त्याचे दोन्ही हात चिखलानं भरलेले, म्हणून ज्ञानेश्वरी उठली, त्याच्या अगदी जवळ उभी राहिली आणि मोबाईल तिनंच त्याच्या कानाला लावून धरला.