वेग शून्य, तरी विमान हवेत

खाली म्हसवडचं माळरान सपाट्यानं मागे सरकत होतं आणि समोरच्या पडद्यावर वेगाचा आकडा भराभर उतरत होता. दीडशे. नव्वद. शून्य!

"आत्या, आपण थांबलोय?" केतकीनं पडद्याकडे बोट दाखवलं.

हे दोन आसनांचं विमान सुनंदाआत्यानं घरामागच्या शेडमध्ये स्वतः बांधलं होतं. जुन्या विमानांतल्या काट्यांच्या तबकड्या त्यात नव्हत्या. सगळी माहिती एकाच काचेच्या पडद्यावर. तो आता लालभडक झाला. "वेग संपला! नाक खाली!" असं बजावत स्वयंचालकानं (स्वतःहून विमान हाकणाऱ्या यंत्रणेनं) विमान जमिनीकडे झुकवलं.

आत्यानं खटकन स्वयंचालक बंद केला आणि दांडा मागे ओढला.

"कोपऱ्यात बघ, उपग्रहावरून मोजलेला वेग किती दिसतोय?"

"एकशे तीस. मग खरं कुणाचं?"

"इंजिनाचा आवाज बदलला? क्षितिज कललं?"

"नाही."

"मग आपण नीट उडतोय. पडद्याला डोळे नसतात गं. पंखाखाली एक बारीक नळी आहे, तिच्यात समोरची हवा घुसते. वेग जास्त, तर दाब जास्त. त्या दाबावरून पडदा वेग ठरवतो. मघाशी किड्यांचा थवा आडवा आला ना? नळीचं तोंड बुजलं असणार."

"मग उपग्रहाचा आकडा बघून उतरू!"

"तो जमिनीवरचा वेग. पंख तरतात समोरून येणाऱ्या हवेवर. वारा समोरून ताशी वीस किलोमीटर आहे. तेवढे मिळव आणि मोठ्यानं सांगत राहा. नव्वदच्या खाली गेलो तर पडू."

शेडसमोरची धावपट्टी अंगावर येऊ लागली. केतकीला एका जागी बसवेना. "एकशे दहा... शंभर... आत्या, ब्याण्णव!"

आत्यानं इंजिनाला जोर दिला. चाकं आदळली, विमान उसळलं, पुन्हा टेकलं आणि थांबलं.

आत्यानं तारेनं नळीतून चेंदलेले किडे काढले. ते चिमटीत धरून केतकी विमानाभोवती फेऱ्याच घालत होती.

"मी पडद्याला एक वाक्य शिकवणार," ती एकदम म्हणाली.

"कोणतं?"

"'माझी नळी बिघडली असेल.' नळी, उपग्रह, इंजिन यांचं जुळलं नाही, की त्यानं विमानाचं नाक खाली करायच्या आधी हे म्हणायचं."

 आत्यानं शेडचं दार उघडलं. "चल, शिकवू त्याला. पण आधी हात धू."