तेराव्या भागाची समीक्षा

गुरुवारी बारा वाजता भाग लागायचा, चोवीस मिनिटांनी संपायचा आणि पंचविसाव्या मिनिटाला आमची समीक्षा आमच्या वेबपानावर असायची. एवढ्या वेगानं कुणी लिहू शकत नाही. आम्ही आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो. जपानी अ‍ॅनिमे मालिकांवर लिहिणारे बरेचजण हे करतात, कबूल कुणी करत नाही. कथा कुठे चाललीय याचा अंदाज बांधायचा, मध्ये जागा मोकळ्या सोडायच्या आणि भाग बघता बघता त्या भरायच्या.

आम्ही म्हणजे दोघंच, मी नोएमी, संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला, आणि माझ्या वर्गातला दमियान. जपानात मध्यरात्र असते तेव्हा चिलीतल्या आमच्या वाल्पाराइसोत भरदुपार. कॉलेजच्या उपाहारगृहात एकाच फोनवर डोकी जुळवून बघायचो. चार हजार वाचक होते. फुकटचा उद्योग, पण त्याचा माज मला परीक्षेतल्या गुणांपेक्षा जास्त होता, खोटं कशाला बोलू!

त्या हंगामात एक संथ मालिका घेतली होती. टेकड्यांवरचं बंदर, दोरानं रुळांवरून वर ओढला जाणारा लाकडी डबा, तो चालवणारा म्हातारा आणि त्याची मुलगी. माझे पपा, एवारिस्तो, आमच्या टेकडीवर नेमका असाच डबा चालवायचे, म्हणून मला ती आवडायची. पपांच्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच. टेकडीमाथ्यावरच्या खोलीत, दोराच्या मोठ्या चाकाखाली, ब्रेकच्या दांड्याशी खुर्चीवर बसून ते प्रत्येक उतारूची फिरकी घ्यायचे. "काय इर्माबाई, आज एकट्याच? नवरा विकलात की काय?" डबा खाली पोचेपर्यंत इर्माबाई हसत असायच्या.

दहाव्या भागाच्या वेळी माझी परीक्षा होती. मोकळ्या जागा भरत बसायचाही कंटाळा आला, म्हणून सगळी समीक्षा मनानंच लिहून टाकली. म्हाताऱ्याच्या हातून निळा थर्मास पडतो, तो हसतो आणि म्हणतो, "गेला एकदाचा." गुरुवारी थर्मास पडला. निळाच होता. म्हातारा हसला.

"च्यायला नोए, जपानात मामा आहे का तुझा?" दमियान म्हणाला.

"योगायोग. थर्मास पडतातच."

"आणि 'गेला एकदाचा'?"

एका नोंदीवरून घाबरायचं नसतं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. अकराव्या भागासाठी मी चाचणी लावली. गळ्यात घड्याळ अडकवलेलं बदक डब्यात चढतं आणि तिसऱ्या बाकावर बसतं, असं लिहून ठेवलं. दमियानला काही सांगितलं नाही. सातव्या मिनिटाला बदक चढलं. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ती वेळ मी कुठेच लिहिली नव्हती. लिहिताना ती फक्त माझ्या मनात होती.

मग दमियानला सगळं सांगितलं. तो नेहमीसारखा हसला नाही.

"शेवटच्या भागाचं काही लिहू नकोस," तो म्हणाला. "एक अक्षरसुद्धा नको. शप्पथ घे."

मी शप्पथ घेतली आणि पाळलीसुद्धा. पुढच्या गुरुवारी पावणेबारा वाजता पान उघडलं, तर समीक्षा तिथे होती. खाली माझं नाव होतं, आणि वाक्यंही माझ्याच वळणाची. "बारा वाजता दोर तुटतो. म्हातारा खुर्चीवरून उठत नाही. मुलीचा चेहरा अप्रतिम रंगवला आहे. दहापैकी दहा."

मी आजवर कुणालाच दहापैकी दहा दिले नव्हते.

मालिकेतला म्हातारा डब्यात उभा असायचा; खुर्ची पपांची होती. पपांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. कामावर असताना त्यांचा फोन खुंटीवरच्या कोटात असायचा.

"पुसून टाक!" दमियान ओरडला.

पुसली. पण पुसल्यानं काही बदलतं याचा माझ्याकडे एकही पुरावा नव्हता. लिहिल्यानं घडतं याचे दोन होते. मी दुसरी समीक्षा लिहायला घेतली.

"म्हातारा बाराच्या आधी काम सोडून निघतो. मुलीबरोबर घरी येतो. जिवंत राहतो. खिडकीपाशी बसून चहा पितो. पटकथा मात्र इथे आळसावली आहे, कारण यापुढे तो एक शब्दही बोलत नाही. दहापैकी चार."

तो शेवटचा शेरा मारायची काय गरज होती? सवय, दुसरं काय! खोट काढल्याशिवाय समीक्षा पुरी झाली असं मला कधी वाटलंच नाही.

"पाठव, पाठव आधी!" दमियान म्हणाला. मी पाठवली.

अकरा त्रेपन्न. मी धावत सुटले.

टेकडीच्या पायऱ्या अर्ध्या चढले, तर पपा समोरून उतरत येत होते. अंगात कोट होता. सत्तावीस वर्षांत त्यांनी कामाच्या वेळेत जागा सोडली नव्हती.

"पपा!" मी त्यांना मिठी मारली आणि रडायलाच लागले.

वर काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. मग माणसं ओरडू लागली. दोर तुटला होता. डब्यात कुणी नव्हतं. मोठं चाक निखळून पपांच्या खुर्चीवर पडलं होतं.

पपांनी वळूनही पाहिलं नाही.

आम्ही घरी आलो. ते खिडकीपाशी बसले. मी चहा केला.

"पपा, बोला ना काहीतरी."

ते चहा प्यायले.

डॉक्टर म्हणाले, घसा उत्तम आहे, धक्का बसलाय, येईल वाचा. तीन आठवडे गेले. इर्माबाई येऊन गेल्या, नवऱ्याला मुद्दाम सोबत घेऊन. पपांनी त्यांच्याकडे बघितलं आणि चहा प्यायले.

मालिका बाराव्या भागाला संपली. मी तेराव्या भागाची समीक्षा लिहिली. असा भाग नाही. "म्हातारा मुलीला विचारतो, जेवलीस का?" दुसऱ्या दिवशी बारा वाजता पपा म्हणाले, "जेवलीस का?" आवाज त्यांचाच होता. मी त्यांच्या गळ्यात पडले. केवढा आनंद झाला मला!

तेव्हापासून रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं लिहिते. कधी उठायचं, काय खायचं, कुणाला काय म्हणायचं. एखादा विनोदही घालते. मला त्यांच्यासारखे जमत नाहीत. दमियान आता घरी येत नाही. "ते तू लिहिलेलंच बोलतात, नोए," असं म्हणून गेला तो गेलाच.

काल माझी फेरपरीक्षा होती. परवा संध्याकाळी अभ्यासाच्या गडबडीत लिहायचं राहून गेलं. परवाच्या दिवसासाठी लिहिलेलं शेवटचं वाक्य होतं, "म्हातारा हसत कप उचलतो." काल सकाळी घाईत निघाले तेव्हा पपा खिडकीपाशी पाठमोरे बसले होते. वाटलं, आज लवकर उठले.

संध्याकाळी सहाला परत आले. कप ओठांपासून बोटभर अंतरावर होता. चहात एक माशी मरून पडली होती. पपा अजून हसत होते.