गिरणीला हुकूम कुणी दिला?

साकाला गिरणीवाल्याला कशाची म्हणून फिकीर नव्हती. वीज गेली की गिरणी उघडी टाकून तो गुत्त्यावर, आणि मक्याच्या पाट्या घेऊन बायका उन्हात.

"एक दिवस ही गिरणी तुझ्याच घरातलं माणूस खाईल," झेलिपाआजीनं सोमवारी त्याला चारचौघांत सुनावलं.

बुधवारी वीज गेली. साकालाचा भाऊ लॅक्सन बंद गिरणीत हात घालून अडकलेला भुसा काढत होता. बटण कुणी दाबलं नाही, तरी गिरणी गरगरली. त्याच्या उजव्या हाताची चार बोटं पिठात पडली.

"म्हातारीची करणी," साकाला ओरडला, आणि गाव आजीच्या घराकडे धावलं.

सुट्टीला आलेली तिची नातवंडं, तामांडा आणि डालित्सो, गिरणीच्या रांगेतून पळत पोचली तेव्हा आजी अंगणात पडलेली, कपाळ फुटलेलं. एकजण पेटता पलिता घेऊन छपराकडे निघाला होता. डालित्सो आजीवर आडवा झाला. पुढचा दगड त्याच्या पाठीत बसला.

"गिरणी फिरली तेव्हाच समोरच्या दुकानातला दिवा लागला, मी बघितलं," तामांडा म्हणाली. "वीज आली होती. चला, दाखवते. खोटी ठरले तर मलाही मारा."

मुखिया म्वालेंनी काठी आडवी धरली. "चला."

गिरणीत तामांडानं विचारलं, "साकालाकाका, गेल्या आठवड्यात वीजवाला कशाला आला होता?"

"रीप्रोग्राम करायला," तो पुटपुटला.

"म्हणजे काय गं?" डालित्सोच्या खांद्यावर रेललेल्या आजीनं विचारलं.

"यंत्राचा जुना हुकूम पुसून नवा द्यायचा, आजी. वीज आली की आपणहून सुरू हो, असा. म्हणजे काकांना गुत्त्यावरून उठायला नको."

डालित्सोनं गिरणीत ऊस खुपसला. तामांडानं मोठा खटका पाडला, पुन्हा चढवला. बटणाला हात न लावता गिरणीनं ऊस कडाकडा फोडला. पलितेवाल्यानं पलिता मातीत विझवला.

मग गिरणीच्या विजेच्या पेटीला टांगलेली पुस्तिका डालित्सोनं वाचली, तामांडानं कळा दाबून हुकूम बदलला. खटका पाडला, चढवला. गिरणी गप्प.

"या दोघांमुळे गावाच्या हातून खून टळला," मुखिया म्हणाले.

आजीनं डोळ्यात उतरलेलं रक्त पुसलं.

"साकाला, तुझ्या भावाला आता मक्याच्या न्शिमाचा गोळा वळून खाता येणार नाही. घास तू भरवायचास. रोज, माझ्या अंगणात, माझ्यासमोर. आणि आधी हात धुवायचेस."