जपानची ताकदीची गोळी

भीमजयंतीच्या सकाळी युसूफ वडगावच्या विहारासमोर रक्तदानाचं शिबिर होतं. ज्योत्स्ना खुर्चीत बसली, नर्सनं तिच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, आणि भुवया वर करून पुन्हा भरली.

"ताई, बीपी लई वाढलंय तुमचं. रक्त घेता येत न्हाई. तिकडं सावलीत बसा जरा."

ज्योत्स्नाची नजर आधी आईकडे गेली. साखराबाई मांडवाच्या पलीकडच्या टोकाला बुंदी वाढत होत्या. स्पीकरचा आवाज एवढा होता की त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. पण सावलीतल्या बाकावर एक तरुण गाल धरून बसला होता, त्यानं ऐकलं होतं.

ती त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"तुमालाबी नाकारलं?" तो म्हणाला. "परवा दाढ काढली, तर मला बी म्हणले, पुढच्या टायमाला या."

"हे बघा..." ती हळू आवाजात म्हणाली, "आत्ता जे ऐकलं, ते कुणाला सांगू नका. माझी आई तिथं आहे."

"मी काय ऐकलं?"

"नर्स बोलली ते."

"ह्या गालामुळं एक कान बंदच हाय माझा," तो म्हणाला. त्याचं तोंड गंभीर होतं, पण डोळे हसत होते. "दुसऱ्या कानात स्पीकर हाय."

इतक्या भीतीतही तिला हसू आलं. तो उठला, माठातलं पाणी आणून तिच्यासमोर धरलं, आणि ती पिईपर्यंत दुसरीकडे बघत उभा राहिला. त्याचं नाव समाधान. केजच्या वीज कार्यालयात लाईनमन होता, आणि मांडवाची लाईट सांभाळायला आला होता.

"उच्च दाबाचंच काम हाय आमचं," जाताना तो म्हणाला. "भ्यायचं न्हाई. पण हलक्यातबी घ्यायचं न्हाई."

ज्योत्स्ना जपानमधल्या एका लहानशा गावात वृद्धाश्रमात काम करायची. म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, रोज सकाळी त्यांचं बीपी मोजायचं. दुहेरी पाळी करून खोलीवर आली की नूडल्सचं पाकीट फोडायचं आणि खारट रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा. वरून लोणचं. वर्षाच्या तपासणीत तिथल्या डॉक्टरनं तिच्याच बीपीचा आकडा बघून बराच वेळ समजावलं. त्यातला एकच शब्द तिला नीट कळला होता, शिओ. मीठ. परक्या मुलखात, एकटीच्या खोलीत, अठ्ठाविसाव्या वर्षी कायमची गोळी. त्या रात्री ती रडली होती. मग मात्र सुधारली. रस्सा सोडला, नदीकाठी चालायला लागली, उठल्याबरोबर आधी मशीन दंडाला लावायचं आणि मग गोळी घ्यायची. आकडा खाली आला होता.

रजेवर गावी आली आणि सगळं बिघडलं. तिकडं बघणारं कुणी नव्हतं म्हणून सगळं जमत होतं. इथं तिची बॅग रोज कुणीतरी उघडून बघत होतं, आई तिच्याशेजारी झोपत होती, आणि बीडचं एक स्थळ येणार होतं. 'पोरीला बीपी हाय' हे गल्लीत कळलं तर काय होईल, हे तिला सांगायची गरज नव्हती. तिनं गोळ्या बॅगेच्या तळाशी दाबल्या आणि स्वतःला समजावलं, घरच्या हवेत राहील बरं.

दोन-तीन दिवसांनी गल्लीतली लाईन गेली. समाधान तिच्या घरासमोरच्या खांबावर चढला, आणि ज्योत्स्ना वाळवण बघायच्या निमित्तानं गच्चीवर गेली. दोघं जवळजवळ समोरासमोर आले.

"आता कसाय दाब?" त्यानं तारेकडे बघत विचारलं.

"तुमच्या तारेचा की माझा?"

"तारेचा मी बघून घेतो."

तिनं खाली अंगणात कुणी नाही ना, ते बघितलं. मग म्हणाली, "गोळ्या बंद आहेत. घरात घेता येत नाही."

त्याचा पक्कड धरलेला हात थांबला. "आमच्यात एक पोरगं गेलं," तो म्हणाला. "लाईन बंद हाय असं समजून हात घातला त्यानं. चालू लाईनला माणूस भितो, जपतो. बंद समजली की मरतो... तुमी गोळी घ्या. आत्ता घ्या, मी हितंच हाय."

त्याच्या आवाजात आर्जव होतं, आणि थोडा रागही. तिला त्या रागानंच का कुणास ठाऊक, बरं वाटलं. ती खाली गेली, गोळ्यांचं पाकीट आणि तांब्या घेऊन आली, आणि त्याच्याकडे बघत तिनं गोळी गिळली. तेवढ्यात साखराबाई जिना चढून वर आल्या.

"कशाची गं गोळी?"

ज्योत्स्नानं पाकीट मुठीत दाबलं. "ही... ताकदीची आहे, आई. जपानची."

"बघू." साखराबाईंनी पाकिटावरची जपानी अक्षरं कौतुकानं निरखली. "तरीच तिकडची म्हातारी माणसं शंभर वरसं जगतात."

खांबावर समाधाननं मान खाली घातली.

त्या दिवसापासून त्याचा रोज सकाळी मेसेज यायचा. 'घेतली?' ती लिहायची, 'घेतली.' मग हळूहळू पुढचंही येऊ लागलं... आज कुठं काम आहे, जपानमध्ये पाऊस कसा पडतो, तिकडं एकटं वाटतं का. एकदा त्यानं लिहिलं, 'रविवारी बीडचे पाव्हणे येतेत म्हणं.' तिनं लिहिलं, 'हो.' त्यानंतर त्याचे मेसेज थांबले. पुन्हा 'घेतली?' आलं, ते थेट रविवारच्या सकाळीच.

बीडचा रविराज सरकारी नोकरीत होता आणि माणूस म्हणून वाईट नव्हता. दुपारी त्याचे आईवडील ओसरीत टेकले, ज्योत्स्ना चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, आणि शेजारच्या छबुबाईंची सून धावत अंगणात शिरली.

"साखरामावशी, सासूबाई पडल्या हो. चक्कर आली, डोळं उघडीनात."

"ऊन लागलं आसंल," कुणीतरी म्हणालं.

ज्योत्स्नानं आईकडे बघितलं. साखराबाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई, तू त्यांना काही दिलं होतंस?"

"ताकदीच्या गोळ्या," साखराबाई पुटपुटल्या. "गुडघ्यातलं बळ गेलंय म्हणत होती बिचारी. सकाळी तुझ्या पाकिटातल्या दोन दिल्त्या."

ऊन लागलं, एवढंच म्हणून दवाखान्यात नेता आलं असतं. पाहुण्यांना काही कळलं नसतं. पण डॉक्टरलाही कळलं नसतं. ज्योत्स्नानं ट्रे खाली ठेवला.

"आई, ती ताकदीची गोळी नव्हती. बीपी उतरवायची होती. माझी गोळी. मला बीपी आहे."

आणि ती पळाली. पळता पळताच तिनं समाधानला फोन लावला. "गाडी पाहिजे. लवकर." त्यानं कारण विचारलं नाही. छबुबाई जमिनीवर आडव्या होत्या, अंग गार, नाडी बारीक. ज्योत्स्नानं त्यांचे पाय उशांवर उंच केले, लुगडं सैल केलं, लोकांना बाजूला सारलं. वृद्धाश्रमात असं कितीदा केलं होतं, पण आज आपल्याच खोटेपणानं एक म्हातारी तिच्यासमोर पडली होती.

कार्यालयाची जीप दाराशी आली. समाधाननं छबुबाईंना उचलून मागं ठेवलं. ज्योत्स्ना नाडी धरून बसली होती. मध्येच ती हरवली असं वाटायचं, पुन्हा सापडायची. आरशातून त्याचे डोळे तिला विचारत होते, ती मानेनंच सांगत होती... आहे, अजून आहे.

सरकारी दवाखान्यात तिनं डॉक्टरांना गोळीचं नाव, ताकद, वेळ, सगळं सांगितलं. सलाईन लागलं. संध्याकाळ होता होता छबुबाईंनी डोळे उघडले आणि सुनेला म्हणाल्या, "माझी बकरी बांधली का गं?"

ज्योत्स्ना व्हरांड्यात आली आणि भिंतीला टेकून रडली. समाधान थोड्या अंतरावर उभा होता.

"पाव्हणे गेले," तो म्हणाला. "गावातून फोन आल्ता."

"जाणारच होते."

"वाईट वाटलं?"

"नाही." तिनं डोळे पुसले. "माझ्यामुळं छबुबाई गेल्या असत्या."

"पण तुमी बोललात. म्हणून वाचल्या."

तो दोन पावलं जवळ आला. मग तो म्हणाला, "मला एक विचारायचं होतं. आज विचारावं का न्हाई..."

"विचारू नका," ती म्हणाली. "आधी ऐका. मी पुढच्या आठवड्यात परत जाणार. अजून दोन वर्षांचा करार आहे. गोळी जन्मभराची आहे. पुढं बाळंतपणात जपावं लागेल. हे सगळं आहे..." 'बाळंतपण' शब्द तोंडातून गेल्यावर तिचे कान तापले.

"दोन वर्षं मी रोज विचारीन," तो म्हणाला. "गोळी घेतली का, म्हणून. तुमी एक दिवस बी खोटं सांगायचं न्हाई. माझी एवढीच अट हाय."

"आणि माझी अट?"

"सांगा."

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग नजर खाली करून म्हणाली, "आईला तुम्हीच विचारायचं."

साखराबाई एसटीनं केजला पोचल्या होत्या. छबुबाईंचे पाय धरून, माफी मागून त्या व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावर बसल्या होत्या. ज्योत्स्ना त्यांच्या पायाशी बसली.

"मला कावून सांगितलं न्हाईस?" त्या म्हणाल्या. "तिकडं एकटी गोळ्या गिळत बसलीस. मी काय परकी होते का?"

ज्योत्स्नानं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. साखराबाईंचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिच्या केसांवरून फिरू लागला.

समाधान पुढं आला. हात जोडले. "जय भीम, आई. मला ज्योत्स्नासंगं लग्न करायचंय."

साखराबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. दुपारपासूनचा सगळा ताप त्यांच्या आवाजात उतरला. "तिला बीपी हाय. कळलं का? जन्मभराची गोळी हाय. मागनं म्हणशील, सांगितलं न्हाई."

"मला म्हाईत हाय, आई. तुमच्या आधीपासून म्हाईत हाय."

साखराबाईंनी लेकीकडे बघितलं. लेकीनं तोंड पदरात लपवलं होतं, तेही आईच्याच पदरात. त्या बाकावर जरा सरकल्या.

"मग उभा कावून हायस," त्या म्हणाल्या. "बस हितं."