धमनीच्या भिंतीआड

मृदा आणि तिचे आबा रोज संध्याकाळी फलटणच्या मैदानाकडे पायी जात. आबा म्हणजे तिचे आजोबा, अभिजित खराडे सर. त्यांनी हयातभर मुलामुलींना खो-खो शिकवला होता. आता रस्त्यावर बिनचालकाच्या गाड्या धावत होत्या, तरी आबांना पायीच जायला आवडे.

पण अलीकडे ते वाटेत हटकून थांबायचे. "तो बघ खंड्या!" असं म्हणून तारेकडे बोट दाखवायचे. मग पुन्हा चालू लागायचे, आणि थोडं अंतर गेलं की पुन्हा एखादा पक्षी!

एकदा मृदाने नीट पाहिलं. तारेवर खंड्या नव्हताच. आबांनी डोळे घट्ट मिटले होते आणि एका हाताने पोटरी धरली होती.

"आबा, पाय दुखतोय?"

"गोळा येतो गं. थांबलं की जातो. वय झालं, दुसरं काय!"

मृदाला कोडं पडलं. पाय बिघडला असेल तर तो बसल्यावरही दुखायला हवा. हा पाय चाललं की बोंबलतो आणि थांबलं की गप्प बसतो. असं कसं?

कोडं सुटण्याआधीच एका सकाळी आबांच्या पायमोज्यावर तिला डाग दिसला. बूट चावून अंगठ्याला जखम झाली होती. ती कितीतरी दिवस भरत नव्हती आणि आता तिच्या कडा काळ्या पडल्या होत्या. आबांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मृदाने सरळ शबनमताईंना फोन लावला.

डॉ. शबनम मुलाणी लहानपणी आबांच्या संघातून खेळत. आता त्या शहराबाहेरच्या विद्यापीठात धमन्यांवर संशोधन करत होत्या. धमनी म्हणजे हृदयाकडून शरीरभर रक्त नेणारी नळी. त्यांनी आबांना त्याच दिवशी बोलावून घेतलं.

तपासणी झाल्यावर त्या दोघांना एका मोठ्या गोल खोलीत घेऊन गेल्या. दिवे मालवले आणि भिंतींवर, छतावर, पायाखाली लाल प्रकाश उमटला. त्यातून ताटाएवढ्या चकत्या वाहत होत्या.

"सर, ही तुमच्या मांडीतली धमनी आहे, हजारो पटींनी मोठी केलेली," शबनमताई म्हणाल्या. "चला, आत जाऊ."

ते पुढे गेले तशी वाट अरुंद होत गेली. दोन्ही बाजूंनी भिंती फुगून आत आल्या होत्या आणि मधल्या फटीतून चकत्या कशाबशा सरकत होत्या.

"कळलं!" मृदा ओरडली. "आबा बसलेले असतात तेव्हा पायाला थोडंसं रक्त पुरतं. चालायला लागले की स्नायूंना जास्त हवं असतं आणि या फटीतून तेवढं येतच नाही. म्हणून गोळा येतो!"

"अगदी बरोबर. जखमही त्यामुळेच भरत नाही. दुरुस्तीचं सामान तिथे पोचायला रक्तच लागतं."

"मग साफ करून टाका ना! मोरीच्या पाइपात तार घालतात तसं."

शबनमताईंनी मान हलवली. "सगळे हेच म्हणतात. पण पाइपात कचरा भिंतीला वरून चिकटतो. इथे तो भिंतीच्या आत आहे, कारण धमनीची भिंत जिवंत असते. हे पातळ अस्तर बघ. सिगारेटचा धूर, वाढलेला रक्तदाब, वाढलेली साखर यांनी ते दुखावतं. मग रक्तातल्या चरबीचे कण त्याखाली शिरतात. त्यांना खायला भक्षक पेशी (शरीरातला नको असलेला माल गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) धावून येतात. त्या खातात, खातच राहतात, आणि त्यांना ते पचत नाही. फेसासारख्या फुगून त्या तिथेच मरतात. त्यांना गिळायला आणखी पेशी येतात."

"म्हणजे साफ करणारेच कचरा होतात?"

"हो ना. असा थर वर्षानुवर्षं वाढतो. आधी तो लोण्यासारखा मऊ असतो. मग शरीर त्यावर चुना चढवायला लागतं, म्हणजे हाडांत असतं तेच कॅल्शियम. धमनी कठीण होते. याला धमनीकाठिण्य म्हणतात."

आबा पुढे सरकले. समोरच्या भिंतीतून खडकासारखे पांढरे सुळके निघाले होते. त्यांनी हात पुढे केला. तो प्रकाशातून आरपार गेला.

"हे माझं आहे?"

"हो, सर."

"तुमच्याकडे औषध आहे म्हणतात."

शबनमताईंनी त्या सुळक्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आम्ही अतिसूक्ष्म कण बनवलेत. भक्षक पेशी ते गिळतात आणि त्यांची पचनशक्ती पुन्हा जागी होते. मग त्या साठलेली चरबी पचवून बाहेर काढतात. पण ते मऊ थरावर चालतं, सर. या दगडावर नाही."



"या औषधाचा पहिला अभ्यास सुरू केलात तेव्हा तू मला बोलावलं होतंस," आबा म्हणाले.

"बोलावलं होतं."

"खेळाडू माणसाला काय धाड भरलीय, असं म्हणालो होतो मी. आणि मैदानामागे जाऊन सिगारेट ओढली होती." ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. "तेव्हा हे मऊ असेल?"

"बहुतेक असेल. मी पुन्हा विचारायला हवं होतं, सर. पण तुमच्यापुढे दोनदा बोलायची आम्हाला सवयच नव्हती."

आबांनी शबनमताईंच्या खांद्यावर हात ठेवला. मृदाला एकदम रडू आलं. कोडं सुटलं की आनंद होतो असं तिला वाटायचं.

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून आबांची धमनी उघडली आणि आतला कठीण थर खरवडून काढला. पाय वाचला, पण अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. आबांना आता चालता येणार होतं. मैदानावर मुलांबरोबर पळता मात्र येणार नव्हतं. खांबापाशी वळताना जमीन धरायची ती याच बोटांनी, हे त्यांनीच कितीतरी मुलांना शिकवलं होतं.

मृदाचे बाबा दवाखान्यात आले तेव्हा आबांनी विचारलं, "रोहन, तुझी तपासणी?"

"करू हो निवांत. सध्या कामाचा डोंगर आहे. आणि मला कुठे काय होतंय?"

आबा रागावले नाहीत. त्यांनी पायावरची चादर बाजूला केली. "मलाही काही होत नव्हतं रे."

बाबा त्या पायाकडे बघत राहिले. मग त्यांनी खाली मान घातली आणि शबनमताईंचा नंबर मागितला.

बाबांच्या धमनीत मृदा त्यांचा हात धरून गेली. वाट रुंद होती. भिंतीवर फक्त पिवळसर पट्टे होते, सायीसारखे. त्यांनी विद्यापीठात ते कण टोचून घेतले, सिगारेट सोडली आणि तपासणीत सापडलेल्या रक्तदाबाची गोळी एकदाही चुकवली नाही. पुढच्या तपासणीत पट्टे फिकट झालेले दिसले. कुबडी टेकत आबाही ते बघायला आले होते. "किती मऊ आहे अजून," ते हळूच म्हणाले आणि बराच वेळ तिथून हललेच नाहीत.

"मलाही कण टोचायचे?" मृदाने विचारलं.

"नाही गं," शबनमताई म्हणाल्या. "पट्ट्यांची सुरुवात लहानपणीही होऊ शकते. पण तुला खेळ, साधं जेवण आणि धुरापासून लांब राहणं, एवढं पुरे."

मग त्यांनी तिला प्रयोगशाळेत नेलं. एका काचेच्या कुपीत अंड्याच्या टरफलाच्या चुऱ्यासारखं काहीतरी होतं. कुपी हलवली की ते किणकिण वाजे.

"सरांच्या धमनीतून निघालेला थर आहे हा. फेकू नका, तुमच्या कामाला घ्या, असं त्यांनी स्वतः सांगितलं. यावर आम्ही नवी द्रव्यं वापरून बघतो."

"विरघळतो?"

"अजून नाही. चुना विरघळवणं सोपं आहे, पण त्याबरोबर धमनीची भिंतही विरघळते. भिंत राखून नुसता चुना कसा काढायचा, ते आम्हाला माहीत नाही."

मोठ्या माणसाने 'माहीत नाही' इतकं सरळ सांगितलेलं मृदाने पहिल्यांदाच ऐकलं. ती स्टुलावर चढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. पांढरा खडक तसाच होता, टोकदार आणि निर्विकार.

"शबनमताई," ती डोळा न काढता म्हणाली, "मी उद्यापण येऊ?"