सरांचा आवाज आणि रुंद तोंडाची केबल

"ही नाही! हीपण नाही! आणि ही... शी! हिला तर कुणीतरी च्युइंगम चिकटवलंय!"

आत्याच्या दवाखान्यात, मागच्या खोलीच्या जमिनीवर वायरींचा डोंगर झाला होता. भोंग्याने अख्खा खोका पालथा केला होता आणि त्यातून एकेक केबल ओढून काढत होता. एक ओढली की तिच्याबरोबर चार येत.

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. पण तो कानात कुजबुजला तरी समोरच्या दुकानात ऐकू जायचं, म्हणून घरीदारी तेच नाव पडलं होतं. त्याची चुलत बहीण खारू एका जागी दोन मिनिटं टिकत नसे. आणि भोंग्याची सख्खी धाकटी बहीण पिटुकली दुसरीत होती आणि दिवसाला शंभर प्रश्न विचारायची. सुट्टीत तिघांचा मुक्काम आत्याकडे होता.

"हळू बोल रे," आत्या म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता. "बाहेर पेशंट बसलेत."

आत्या लोकांना बोलायला शिकवायची. कुणी अडखळायचं, कुणाची वाचा आजारपणात गेलेली असायची. तिच्या टेबलावर एक काळी, वहीएवढी हार्ड डिस्क पडली होती. तिला एक पांढरी केबल जोडलेली होती. डिस्कवरचा निळा दिवा लागला होता, पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिचं नाव काही उमटत नव्हतं.

"आत्या, काय आहे एवढं त्या डिस्कमध्ये?" खारूने विचारलं.

"एका माणसाचा आवाज."

तिघंही टेबलाजवळ सरकले. भोंगासुद्धा, हातातली केबल टाकून!

"एक गणिताचे सर आहेत," आत्या सांगू लागली. "चाळीस वर्षं शिकवलं त्यांनी. त्यांच्या घशाचं ऑपरेशन करावंच लागणार होतं आणि त्यानंतर आवाज जाणार हे आधीच ठरलेलं. म्हणून ऑपरेशनच्या आधी आम्ही रोज इथे बसून त्यांची वाक्यं रेकॉर्ड केली. बाराशे वाक्यं! त्यावरून एक यंत्र त्यांच्याच आवाजात बोलायला शिकणार आहे. आज पाच वाजता सर आणि त्यांच्या पत्नी येताहेत ऐकायला."

"मग परत रेकॉर्ड करा ना!" पिटुकली म्हणाली.

"ऑपरेशन झालं, राणी. आता तो आवाज फक्त या डिस्कमध्ये आहे."

"दुसरी कॉपी?" खारूने विचारलं.

आत्याने मान खाली घातली. "आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेली. कॉम्प्युटरवाले फोनवर म्हणाले, दिवा लागतोय आणि दिसत नाही म्हणजे डिस्क गेली. चार वाजता येऊन उघडून बघणार आहेत. उघडल्यावर काही राहील याची खात्री नाही, असंही म्हणाले."

बाहेरून पेशंटची हाक आली आणि आत्या डोळे पुसत निघून गेली. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

पिटुकली डिस्कच्या अगदी जवळ नाक नेऊन बघत होती. "दादा, हिला दोन तोंडं आहेत. पण खातेय एकाच तोंडाने!"

"काहीतरीच काय!" भोंगा म्हणाला.

"अरे, खरंच!" खारूने वाकून पाहिलं. डिस्कचं भोक चांगलं लांबट होतं. एका बाजूला मोठा भाग, त्याला चिकटून छोटा भाग. पांढऱ्या केबलचं चपटं टोक फक्त मोठ्या भागात बसलं होतं. छोटा भाग रिकामाच! "भोंग्या, ही केबल हिची नाहीच. हिची केबल रुंद तोंडाची असणार."

"पण बसलीय की! दिवापण लागलाय!"

"बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं. थांब, या पांढऱ्या बाईंचीच परीक्षा घेऊ."

आत्याचा छोटा रेकॉर्डर शेल्फवर होता. त्याला हेच चपटं टोक बसत होतं. खारूने पळत जाऊन आत्याला विचारलं, "आत्या, रेकॉर्डर या कॉम्प्युटरवर दिसायचा का?"

"नेहमी दिसायचा. त्याची केबल हरवली तेव्हापासून लावला नाही. का गं?"

"मग सांगते!"

खारूने पांढरी केबल रेकॉर्डरला लावली. त्याच्यावर चार्जिंगची खूण लुकलुकली. तिघंही पडद्याकडे टक लावून बसले. एक मिनिट गेलं, दोन गेली. काही नाही!

"रेकॉर्डरपण मेला?" पिटुकली घाबरली.

"दोघं एकाच दिवशी कसे मरतील?" खारू टुणकन उठली. "डिस्क ठीक आहे! रेकॉर्डरही ठीक आहे! ही केबल नुसती वीज नेते, निरोप नेतच नाही. हिच्या पोटात निरोपाच्या तारा नसणारच!"

"अशी अर्धपोटी केबल कोण बनवतं?" भोंगा गरजला.

"ज्याला फक्त वीज लागते, त्याच्याबरोबर येते अशी. दिवा, नाहीतर..." खारू बोलता बोलता थांबली. दारातून तिला पुढची खोली दिसत होती. तिथे पेशंटची नावं लिहून घेणारे नोंदणीकाका फाईलने वारा घेत होते. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. आणि त्यांच्या समोरच, टेबलावर, एक चिमुकला पंखा बंद उभा होता!

तिघं काकांसमोर जाऊन उभे राहिले.

"काका, पंखा बिघडलाय का?" खारूने गोड आवाजात विचारलं.

"छे गं, नवाच आहे. चार्ज नाहीये."

"मग चार्ज का नाही करत?"

"त्याची केबल..." काकांची फाईल हवेतच थांबली.

"पांढरी आहे ना?" भोंगा म्हणाला. पूर्ण दवाखान्याने वळून पाहिलं.

काकांनी तिघांना घाईघाईने कोपऱ्यात घेतलं. "ओरडू नका रे बाबांनो! झालं असं की, बुधवारी माझ्या मेव्हण्याला सहलीचे फोटो त्याच्या डिस्कवरून काढायचे होते. त्याची केबल सापडेना. तुमच्या आत्याच्या डिस्कची केबल तिला बरोबर बसत होती. म्हटलं, पाच मिनिटांत आणून ठेवतो. डिस्कच्या पिशवीत केबल नाही असं दिसायला नको म्हणून पंख्याची ठेवली तिच्यात. मग राहूनच गेलं. केबल ती केबल, असं वाटलं मला. त्यात काय फरक पडतो?"

"काका, ती डिस्क मेली म्हणून उघडायला निघालेत सगळे!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा! मेव्हण्याचा फोटो स्टुडिओ मागच्याच रस्त्यावर आहे. औषधाच्या दुकानाच्या वर!"

"पिटुकले, तू इथेच थांब," खारू म्हणाली. "आम्ही येईपर्यंत डिस्कला कुणी हात लावता कामा नये!"

"कॉम्प्युटरवाल्यांनीपण?"

"त्यांनी तर मुळीच नाही!"

दोघं सुसाट सुटले. स्टुडिओत फोटोग्राफर एका लहान बाळाला हसवायचा प्रयत्न करत होता आणि बाळ ठणाणा रडत होतं.

"केबल?" तो वैतागला. "कुठली केबल? मी तर काकांना परत दिली."

"नाही दिलीत!"

"मग ड्रॉवरमध्ये बघा जा. पसारा करू नका."

ड्रॉवरमध्ये नव्हती. कपाटात नव्हती. टेबलाखाली तीन केबल्स सापडल्या, पण तिन्ही गोल तोंडाच्या, नव्या फोनच्या. भिंतीवरच्या घड्याळात चारला तीन मिनिटं कमी होती. भोंगा रडकुंडीला आला. "आता काय करायचं गं?"

त्याचा तो आवाज ऐकून बाळ दचकलं, गप्प झालं आणि खुदकन हसलं! फोटोग्राफरने झटकन फोटो घेतला. मग खूश होऊन त्याने दिव्यापुढची पांढरी छत्री मिटायला घेतली. छत्रीचा दांडा स्टँडला कशाने तरी बांधलेला होता. आखूड, काळं, जाड...

"तीच!" खारू किंचाळली. तिने गाठ सोडली. टोक रुंद होतं, मध्ये खाच असलेलं. मोठा भाग आणि त्याला चिकटून छोटा!

"अरेच्चा! हिच्यानेच बांधलं होतं होय मी?" फोटोग्राफर डोकं खाजवत राहिला. दोघं जिन्यावरून केव्हाच खाली पोचले होते.

इकडे कॉम्प्युटरवाले ठीक चारला हजर झाले होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हरची पेटी उघडली. पिटुकली डिस्क दोन्ही हातांनी छातीशी धरून खुर्चीत मांडी घालून बसली होती.

"दे बाळ ती."

"देते. पण आधी सांगा, हा स्क्रूड्रायव्हर चांदणीसारखा का आहे?"

त्यांनी सांगितलं.

"आणि हा एवढा बारीक कशाला? आणि हा कुणाचा? आणि तुमच्या पेटीत एकूण किती आहेत? मोजू या?"

"चौदा आहेत. दे आता."

"पण इथे तर तेराच आहेत!"

"आँ?" ते पेटीत खाली-वर शोधू लागले. पाच मिनिटांनी चौदावा त्यांच्याच खिशात सापडला, आणि त्याच वेळी दार धाडकन उघडलं.

"थांबा! उघडू नका!" या वेळी भोंग्याला कुणीही हळू बोल म्हणालं नाही.

आवाज ऐकून आत्या धावत आली. खारूने धापा टाकत सगळं सांगितलं. कॉम्प्युटरवाले हसले. "पोरांनो, दिवा लागतोय म्हणजे केबल चांगलीच असते."

"एकदा लावून तर बघू द्या," आत्या ठामपणे म्हणाली.

रुंद टोक डिस्कमध्ये टक्कन बसलं. दुसरं टोक खारू कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात घालू लागली. ते आत जाईना. उलटं केलं, तरी जाईना. पुन्हा सुलटं केलं, तेव्हा गेलं! दिवा लागला. पडद्यावर नाव उमटलं... आणि लगेच गायब झालं!

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" कॉम्प्युटरवाले म्हणाले.

खारूने ओठ चावला. पुढचं ते भोक सैल होतं, केबल त्यात हलत होती. ती टेबलाखाली शिरली, कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला हात घातला आणि चाचपडत दुसरं भोक शोधलं. तिथे टोक घट्ट बसलं.

नाव उमटलं आणि या वेळी टिकलं! आत्याने फोल्डर उघडला. एकाखाली एक, बाराशे वाक्यं.

आत्याने तिघांना एकदम मिठी मारली. नोंदणीकाका दारातच हात जोडून उभे होते. "चूक माझी आहे. न विचारता नेली, आणि वर झाकूनही ठेवली."

"आणि माझी चूक कॉपी न करण्याची," आत्या म्हणाली. "आधी दोन कॉप्या करू, मगच बाकीचं." कॉम्प्युटरवाल्यांनी पेटी मिटली. "मीपण केबल बदलून बघायला सांगायला हवं होतं," ते हळूच म्हणाले आणि कॉप्या करायला स्वतःच बसले.

पाच वाजता सर पत्नीसह आले. उंच, सडपातळ; गळ्याला पट्टी आणि हातात पाटी. आत्याने पहिलं वाक्य लावलं. "नमस्कार. आज हवा छान आहे," खोलीत एक भारदस्त, किंचित खरखरीत आवाज घुमला. सरांच्या पत्नींनी तोंडावर हात धरला.

मग आत्याने दुपारची हकिगत सांगितली. सरांनी तिघांकडे एकेकदा नीट पाहिलं. माऊस हातात घेतला, यादीवरून नजर फिरवत गेले आणि एका वाक्यावर थांबले. त्यांनी ते लावलं.

"उत्तर बरोबर आहे. पण रीत दाखवा!"

सगळे खळखळून हसले. आणि मग तिघांनी खरोखरच रीत दाखवली! खारूने रेकॉर्डरचा प्रयोग सांगितला, भोंग्याने छत्रीचा दांडा, आणि पिटुकलीने चौदा स्क्रूड्रायव्हर. सर मान डोलावत ऐकत होते. शेवटी त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'शाबास! दहापैकी दहा.'

पिटुकलीने पाटी नीट वाचली. "सर, तिघांना मिळून, की प्रत्येकी?"

सरांचे डोळे हसले. त्यांनी खडू उचलला आणि लिहिलं, 'प्रत्येकी!'